टिटवीची चार अंडी: शाळेत निसर्गाचा तास सुरू करणाऱ्यांसाठी

एप्रिलचं उन्हाळी शिबिर होतं. शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉलच्या रेषा आखायच्या होत्या. चुन्याचं घमेलं घेऊन निघालेला सातवीतला मुलगा मध्येच थांबला, कारण एक टिटवी त्याच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती. खडीत, ऐन रेषेच्या वाटेवर, चार अंडी होती. मातकट, काळपट ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून मांडलेली. दोन हातांवरून पाहिलं तरी खडेच वाटावेत अशी. पी.टी.च्या सरांनी रेषा बाजूला सरकवली आणि भोवती लांबून दोरी बांधली. पुढचे चार आठवडे मुलं पाळीपाळीने, वीस पावलांवरून, टिटवीवर नजर ठेवून होती.

दुपारी टिटवी उठायची, गळक्या नळाखालच्या डबक्यात जाऊन पोट भिजवायची आणि ओल्या पोटाने परत अंड्यांवर येऊन बसायची. कडक उन्हात अंडी निववण्यासाठी टिटव्या असं करतात. मुलांनी हे आधी स्वतः पाहिलं, वहीत लिहिलं आणि मग कारण विचारत माझ्याकडे आली. मला ठाऊक नव्हतं. मी घरी जाऊन वाचलं.

त्याआधीची दोन वर्षं मी त्याच शाळेत पडद्यावर वाघ, हत्ती आणि पांडा दाखवत होते. त्यातलं आज कुणाला काही आठवत नाही. टिटवी मात्र कॉलेजात गेलेल्या मुलांनाही आठवते.

मी शिक्षिका नाही. इंदूरला वाढलेली, घरात मराठी, बाहेर हिंदी अशी एक पालक आहे. मुलीच्या शाळेत शनिवारचा एक तास मागून घेतला आणि तो आठ वर्षं चालला. या काळात मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही शिक्षक असा, आजी-आजोबा असा किंवा नुसते हौशी, क्रम साधारण हाच ठेवा.

१. आधी जागा ठरवा

नवीन माणूस आधी विषयांची यादी करतो: जंगल, पाणी, हवा, प्लॅस्टिक, वाघ. मग दर आठवड्याला नवा विषय आणि नवं भाषण. मुलं दोन महिन्यांत कंटाळतात.

त्याऐवजी एक जागा निवडा आणि वर्षभर तिथेच जा. शाळेच्या आवारातलं एखादं जुनं झाड, मैदानाचा गवताळ कोपरा, गळका नळ, भिंतीलगतची नाली, काहीही चालेल. अट एकच, तिथे चालत पोचायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. संरक्षण म्हणजे काय हे मुलाला कळायचं असेल, तर काहीतरी बदलताना, कमी होताना आणि परत येताना त्याने स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. एका सहलीत ते दिसत नाही. त्यासाठी त्याच जागी तीस वेळा जावं लागतं.

आमची जागा होती मैदानामागचा पिंपळ. पहिल्या वर्षी मुलांनी त्याच्याकडे झाड म्हणून पाहिलं. दुसऱ्या वर्षी फळं पिकली की तांबट, कोकिळा आणि बुलबुल नेमके कोणत्या आठवड्यात गर्दी करतात हे ती सांगू लागली. तिसऱ्या वर्षी वायरमन फांद्या छाटायला आला तेव्हा आठवीच्या मुलांनी वही आणून दाखवली. फळं अजून पिकायची होती. महिनाभर थांबता येईल का, असं त्यांनी विचारलं. तारांना लागणारी एक फांदी त्याच दिवशी कापावी लागली. बाकीच्या थांबल्या.

२. शाळेची परवानगी: काय घेऊन जायचं

मुख्याध्यापिका बाई पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा विचारतील आणि दुसरा सुरक्षिततेचा. दोन्हींची उत्तरं कागदावर तयार ठेवा.

पहिल्या प्रश्नाला तीन मुद्दे पुरतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सुचवले आहेत, त्यातले काही तुम्ही मागू शकता. संविधानाच्या ५१-क कलमात वनं, सरोवरं, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितलं आहे आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ते छापलेलंही असतं. तिसरा मुद्दा म्हणजे बहुतेक शाळांत कागदोपत्री इको क्लब असतोच. नवीन काही मागण्यापेक्षा 'तुमचा इको क्लब मी चालवते' असं म्हटलं तर परवानगी लवकर मिळते. मध्य प्रदेशात या क्लबांचं काम भोपाळच्या 'एप्को' या सरकारी पर्यावरण संस्थेमार्फत चालतं. मोगली उत्सवासारख्या निसर्गस्पर्धांची माहितीही शाळेकडे येते, पण बहुधा ऑफिसच्या फायलीत पडून राहते. क्लार्क काकांना विचारा.

सोबत न्यायचे कागद:

- एका पानाचा अर्ज, हिंदीत. त्यात दिवस, वेळ, इयत्ता आणि मुलांची संख्या.
- तुमच्या आधार कार्डाची प्रत आणि फोटो. तुम्ही बाहेरचे असाल तर पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्रही. शाळेने मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका, मुलांच्या बाबतीत मागायलाच हवं.
- पहिल्या तीन महिन्यांचे तास, प्रत्येकी दोन ओळींत.
- पालकांसाठी सहमति पत्राचा नमुना. त्यात मुलाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू असलेली औषधं आणि दोन फोन नंबर यांसाठी जागा हवी.

सहमति पत्राबद्दल एक सांगते. पहिल्या वर्षी मी ते इंग्रजीत छापलं होतं. निम्मे कागद कोरे परत आले. पुढच्या वेळी हिंदीत दिले, तर एका आईने मागच्या बाजूला लिहून पाठवलं की मुलाला मधमाशीच्या डंखाने सूज येते आणि एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ही माहिती पहिल्या वर्षीही आमच्याकडे असायला हवी होती.

संख्येवर मात्र अडून बसा. पन्नास मुलांचा वर्ग एकटीने बाहेर नेता येत नाही. वीस ते चोवीस मुलं, चार-चारांचे गट आणि सोबत शाळेचे एक शिक्षक हवेतच.

३. सामान

फार लागत नाही आणि सुरुवातीला विकत तर जवळजवळ काहीच घेऊ नका.

- पांढरा प्लॅस्टिकचा टब किंवा ट्रे (किडे पांढऱ्यावर दिसतात)
- चहाची जुनी गाळणी, मऊ ब्रश
- चार-पाच भिंगं
- सुतळी, मोजपट्टी, घड्याळ
- एक-एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या, मापाचा पेला
- शिट्टी, प्रथमोपचार पेटी, ओआरएसची पाकिटं
- प्रत्येक मुलाला शिवलेली वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते.

दुर्बीण नंतर घ्या. घ्याल तेव्हा ८ × ४० ची घ्या. चार मुलांत एक पुरते. जास्त मोठं करून दाखवणारी दुर्बीण मुलांच्या हातात हलते आणि तीत काहीच दिसत नाही. डोळा लावायच्या आधी पट्टा गळ्यात, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

४. पहिला तास: सुतळीचा चौकोन

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा सुतळीचा चौकोन गवतावर ठेवा. चार मुलं, चार बाजू. वीस मिनिटं त्या चौकोनात जे हलतं आणि जे उगवतं ते सगळं लिहायचं. नाव माहीत नसेल तर चित्र काढायचं.

पहिली पाच मिनिटं 'काहीच नाही' असं ऐकू येईल. बोलू नका, थांबा. आठव्या-नवव्या मिनिटाला कुणीतरी पोटावर झोपतं, आणि मग मुंग्यांची रांग, कोळ्याचं जाळं, पानाखालची अंडी, गांडुळाची ढेपळं, सगळं दिसायला लागतं.

दुसरा चौकोन मुद्दाम अशा ठिकाणी टाका जिथे रोज खेळून जमीन घट्ट झाली आहे. दोन्हींची मोजणी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. फरक का पडला हे मुलंच सांगतील. तुम्ही सांगायची घाई करू नका. मी पहिली दोन वर्षं ती घाई केली आणि मुलांचं उत्तर त्यांच्याकडून काढून घेतलं.

पकडलेला किडा दहा मिनिटांत त्याच जागी सोडायचा. घरटी, अंडी आणि पिल्लं यांना हात लावायचा नाही. रिकामं वाटणारं घरटंही आणायचं नाही. रानातल्या पक्ष्याचं अंडं उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. इथे एक नाजूक गोष्ट येते, पिंजऱ्यातला पोपट. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो असतो आणि आपला हिरवा पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे. वर्गात हे सांगितलं की एखादं मूल खाली मान घालतं. त्याला सगळ्यांसमोर विचारू नका. पिंजरा उघडून पोपट उडवून देणं हाही उपाय नाही, कारण वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी बाहेर तग धरत नाही. पालकांशी वेगळं बोला आणि वनविभागाकडे सोपवायचा मार्ग सांगा.

५. नळाचा धडा

हा तास मी सगळ्यांना करायला सांगते. इंदूरमध्ये तो जितका चांगला होतो तितका क्वचितच दुसरीकडे होत असेल.

मुलांना विचारा, नळाला पाणी कुठून येतं? 'टाकीतून.' टाकीत कुठून येतं? 'नर्मदेतून.' इथवर सगळ्यांना माहीत असतं. आता नकाशा उघडा. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरून. १९७० मध्ये शहराने त्यासाठी मोठं आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये पाणी आलं. घरातल्या आजी-आजोबांना हे आठवत असतं. पुढच्या शनिवारपर्यंत त्यांच्याकडून एक आठवण लिहून आणायला सांगा. आमच्या एका मुलाच्या पणजीने रामबागेतल्या विहिरीवर पहाटे तीनला लागणारी रांग सांगितली होती. घागरींची ओळ आणि मधेच जागा धरायला ठेवलेला धोंडासुद्धा.

मग जिना. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि मंडलेश्वरजवळ नर्मदेचं पात्र त्याहून सुमारे चारशे मीटर खाली. म्हणजे पाणी उताराने येत नाही, विंध्य चढून येतं. पाच लिटरचा कॅन भरून प्रत्येक मुलाला तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत न्यायला लावा, आळीपाळीने. वर पोचल्यावर, धापा टाकत असतानाच, हिशेब करायला सांगा. एक मजला तीन मीटरचा धरला तर चारशे मीटर म्हणजे एकशे तीसहून जास्त मजले. आपण चढलो तीन. बाकीचे कोण चढवतं? पंप. पंप कशावर चालतो? विजेवर. विजेचं बिल, कोळसा, सूर्य, सगळं त्या कॅनमधून निघतं आणि तुम्हाला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

त्याच दिवशी शाळेतला गळका नळ शोधा. खाली मापाचा पेला ठेवा आणि दहा मिनिटं थेंब गोळा करा. मिळालेलं माप १४४ ने गुणलं की दिवसाचं पाणी कळतं. हे गुणाकार मुलं मनापासून करतात. आकडा घेऊन त्यांनाच मुख्याध्यापिका बाईंकडे पाठवा. आमच्याकडे प्लंबर तिसऱ्या दिवशी आला. त्या नळाखाली टिटवी पोट भिजवायची हे मुलांच्या लक्षात होतं, म्हणून त्यांनी तिथे मातीचं पसरट भांडं मांडलं आणि रोज भरलं.

पुढचा तास मोरीतून सुरू करा. वापरलेलं पाणी कुठे जातं? आपलं सांडपाणी कान्ह नदीच्या खोऱ्यात जातं. कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. नर्मदा मात्र पश्चिमेला भरूचकडे जाऊन खंभातच्या आखाताला मिळते. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपण उचलून आणतो आणि बंगालच्या उपसागराच्या वाटेला लावतो. नकाशावर निळ्या खडूने ही रेघ मुलांकडून ओढून घ्या. आमच्या वर्गात रेघ पूर्ण झाल्यावर एक मुलगी म्हणाली, 'म्हणजे मी दात घासून थुंकते ते पाणी उज्जैनला जातं?' हो, जातं. मधे शुद्धीकरण केंद्रं आहेत, पण वाट तीच. त्या दिवसापासून वर्गात उज्जैनच्या नातेवाइकांचा विषय बराच निघायचा.

कान्हच्या पात्रात मुलांना उतरवू नका. पाहायचंच असेल तर पुलावरून पाहा. पाण्याला हात लावणं नको.

६. माती

हा तास पावसाळ्याच्या तोंडावर घ्या. तीन बाटल्या आडव्या कापून त्यांचे पसरट डबे करा. एकात नुसती काळी माती, दुसऱ्यात काळी माती आणि वर वाळलेल्या पानांचा थर, तिसऱ्यात दहा-बारा दिवस आधी पेरलेली मेथी. तिन्ही बाटल्या तोंड खाली करून सारख्या तिरक्या ठेवा, तोंडाखाली पेला ठेवा आणि वरून एकेक पेला पाणी सारख्याच वेगाने घाला. उघड्या मातीतून गढूळ पाणी येतं, मेथीच्या डब्यातून बरंच स्वच्छ. 'पग पग रोटी, डग डग नीर' ही माळव्याची ओळख मुलांनी ऐकलेली असते. ती माती वाहून गेली तर काय होईल, हे त्या पेल्यात दिसतं.

मेथी आयत्या वेळी उगवत नाही. पेरणी विसरलात तर तास पुढे ढकला.

ओला-सुका कचरा वेगळा करणं इंदूरच्या मुलांना शिकवावं लागत नाही, ती घरी आईला शिकवतात. म्हणून त्यावर पूर्ण तास घालवू नका. फक्त पिंपळाची गळलेली पानं जाळण्याऐवजी खड्ड्यात टाका आणि दर महिन्याला उकरून पाहा. कुजायला किती दिवस लागतात, ते वहीत लिहा.

७. सिरपूरची फेरी

आवारात दोन-तीन महिने झाले, मुलांना गप्प बसून पाहायची सवय लागली, की मगच तळ्यावर जा. धार रोडवरचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळातला आहे. सिरपूर आणि गंभीर नदीवरचं यशवंत सागर ही दोन्ही २०२२ मध्ये रामसर स्थळं झाली. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर या देशातल्या पहिल्या दोन शहरांना 'पाणथळ शहर' अशी मान्यता मिळाली. हे मुलांना जरूर सांगा, पण परतीच्या बसमध्ये. तळ्यावर पोचल्यावर भाषण नको.

माझी पहिली फेरी फसली. बस उशिरा आली, आम्ही अकराला पोचलो, मुलं बावन्न होती. ऊन चढलेलं, पक्षी लांब पाण्यात. कंटाळून काहींनी दगड मारायला सुरुवात केली आणि एक मुलगा काठच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला. त्याला बाहेर काढलं, त्याला काही झालं नाही, पण त्याच्या आईसमोर उभं राहताना मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. तेव्हापासूनचे माझे नियम असे:

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते नऊ. दहाच्या आधी परत.
- चोवीस मुलं, चार मोठी माणसं. पाण्याच्या बाजूने नेहमी मोठं माणूस चालेल.
- काठापासून पाच पावलं लांब. चिखल आणि जलपर्णीवर पाय नाही. जलपर्णी वरून जमिनीसारखी दिसते.
- मातकट, हिरवे किंवा राखी कपडे. अत्तर आणि सुवासिक तेल नको, वासाने मधमाश्या येतात.
- पोहे निघण्याआधी खायचे. शेवेचं पाकीट बसमध्येच ठेवायचं. पक्ष्यांना किंवा माशांना शेव, पाव, कणकेच्या गोळ्या टाकायच्या नाहीत.

शेवटच्या नियमावर पालक नाराज होतात. माशांना कणीक घालणं पुण्याचं काम, असं घरोघरी मानतात. वाद घालू नका. खारवलेलं, तळलेलं अन्न पक्ष्यांच्या पोटाला मानवत नाही आणि उरलेलं सडून पाणी खराब करतं, एवढं सांगून घरासमोर पाण्याचं भांडं ठेवायला सुचवा. मुक्या जिवाला काही द्यायची इच्छा चांगलीच आहे.

तळ्यावर काम एकच द्या: प्रत्येक गटाने पाच पक्षी नीट पाहायचे. रंग, चोच, चाल आणि ते काय खातात एवढंच लिहायचं. नाव नंतर. वहीत नावासाठी तीन रकाने आखा: शाळेतलं हिंदी नाव, पुस्तकातलं इंग्रजी नाव आणि घरातलं नाव. तिसरा रकाना आजी-आजोबांना विचारून भरायचा. त्यात मराठी, माळवी, निमाडी, गुजराती, सिंधी, जे असेल ते येऊ द्या.

या रकान्याने मला फार आनंद दिला. एका मुलीने तपकिरी बदकाचं चित्र काढलं होतं: काळी चोच, टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपका. तिची आजी चित्र पाहून लगेच म्हणाली, 'अगं, हे हळदी-कुंकू.' मराठीत त्या बदकाचं नावच हळदी-कुंकू बदक. मुलीने पुढच्या शनिवारी वर्गाला सांगितलं आणि ज्यांच्या घरी मराठीचा गंध नाही तीही मुलं ते नाव विसरली नाहीत. तसाच वारकरी. काळा पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, थव्याने पाण्यावर. हिंदीत तो टिकरी. दोन्ही भाषांनी त्याच्या कपाळाकडेच पाहिलं. टिबुकलीला हिंदीत पनडुब्बी म्हणतात आणि ती बुडी मारताना दिसली की दोन्ही नावं आपोआप पाठ होतात. हिवाळ्यात बाहेरून आलेले थापट्या आणि तलवार बदकंही दिसतील. थापट्याची फावड्यासारखी चोच लहान मुलंसुद्धा ओळखतात.

फोनवरचं मर्लिन ॲप आवाजावरून पक्षी सुचवतं. ते तुमच्याजवळ ठेवा आणि शेवटी उघडा. आधी उघडलं की मुलं फोनकडे पाहतात.

पाण्याची पारदर्शकताही मोजता येते. स्टीलच्या ताटलीला पांढरा रंग देऊन तीन दोऱ्यांनी टांगा, दोरीवर दर दहा सेंटिमीटरला गाठ मारा. धक्क्यावरून, मोठ्या माणसाने, ताटली हळूच पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. नोव्हेंबरचं आणि फेब्रुवारीचं माप शेजारी लिहा.

८. जंगल

इंदूरजवळच्या राळामंडळला जा, पण वर्षाच्या शेवटी आणि वनविभागाची परवानगी आधी घेऊन. होळकरांची शिकारगाह असलेली ही टेकडी १९८९ पासून अभयारण्य आहे. शिकारीची जागा रक्षणाची जागा झाली, ही गोष्ट सहावीच्या मुलांना पटकन कळते. बिबट्या दिसेल असं वचन देऊ नका. चितळांची पावलं, नीलगायीच्या लेंड्या, झाडावरच्या नखांच्या खुणा, एवढंच शोधायला सांगा. वनविभागाची 'अनुभूती' शिबिरं शाळकरी मुलांसाठीच असतात. शाळेच्या पत्रावर विनंती करा.

९. जानेवारीतला मांजा

संक्रांतीनंतरच्या शनिवारी आवारातल्या झाडांवर अडकलेला मांजा काढा. मुलं खाली शोधतील, लांब बांबूने काढायचं काम मोठ्यांचं. विजेच्या तारांजवळचा मांजा सोडून द्या आणि वीज कंपनीला कळवा. काढलेला मांजा हातमोजे घालून गुंडाळायचा आणि वजन करायचा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. तरी तो सापडतो. आमच्या पिंपळावर एका वर्षी त्यात गुंतलेला मेलेला बगळा सापडला. मुलं रडली. मी त्यांना गप्प केलं नाही.

१०. रोपं लावण्याबद्दल

शाळा तुमच्याकडे सगळ्यात आधी हेच मागेल: वृक्षारोपण, फोटो, पाहुणे. शंभर रोपांना होकार देऊ नका. एका पावसाळ्यात आम्ही साठ लावली, पुढच्या जूनला चार उरली. मे महिन्यात पाणी कोण घालणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. पाच लावा, नीम, बहावा, पळस अशी इथलीच, आणि प्रत्येक रोपासाठी चार मुलांची नावं लिहा. उंची दर महिन्याला मोजा.

११. मे महिन्याची यादी

सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी हे काम करा. पक्ष्यांच्या पाण्यासाठी पसरट मातीची भांडी मांडा, दोन-तीन इंच खोल, सावलीत. मधोमध एक दगड ठेवा म्हणजे खार किंवा मधमाशी बुडणार नाही. मांजर दबा धरू शकेल अशा झुडपापासून लांब. दर दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून टाकायचं, भांडं घासायचं, मग भरायचं. आम्ही पहिल्या वर्षी नुसतं वरून भरत राहिलो आणि भांड्यात डासांच्या अळ्या झाल्या. मुलांनी भिंगाखाली पाहिल्या, तोही एक तास झाला, पण शेजारच्या घरांना त्रास नको.

रखवालदार काकांना आधी विचारून फाटकाची वेळ ठरवा. सुट्टीत पाणी कोण भरणार याची तारीखवार यादी करा, प्रत्येक तारखेला दोन मुलं आणि एक पालक. यादी फाटकाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि एक प्रत काकांकडे द्या. १५ मे ते १० जून या तारखा स्वतःकडे ठेवा, कारण तेव्हा बरीच मुलं पुण्या-नागपूरला आजोळी गेलेली असतात.